आत्यांचा सोन्याचा दात

डॉक्टरांनी खुर्ची मागं कलवली, वरचा दिवा ओढून तोंडावर आणला आणि म्हणाले, "आजी, आ करा."

आत्यांनी आ केला. डॉक्टरांनी आरशाची काडी आत घालून इकडून बघितलं, तिकडून बघितलं, सोन्याच्या दातावर टकटक केलं आणि म्हणाले, "टोपीखालचा दात पार कुजलाय. ही टोपी कापून काढावी लागणार."

त्याबरोबर आत्यांनी तोंड मिटलं. आरसा आतच राहिला, दांडी तेवढी बाहेर.

"आजी, उघडा."

आत्यांनी मान हलवली.

"आत्या, उघडा की हो," मी म्हणाले. "डॉक्टर थांबलेत."

आत्यांनी दांडी धरून आरसा बाहेर काढला, डॉक्टरांच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीतून उतरायला लागल्या. "दुखायची गोळी द्या," म्हणाल्या. "टोपीला हात लावायचा न्हाई."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सोलापूरकडं सासूला आत्या म्हणायची रीत आहे आणि सासऱ्याला मामा. मामांना मी फोटोतच बघितलं, माझ्या लग्नाआधीच ते गेले. आत्यांच्या वाट्याला मात्र मी पुरती आले आणि माझ्या वाट्याला त्या.

त्या दिवशी त्यांचा गाल असा सुजला होता की डावा डोळा अर्धा झाकलेला. लवंग झाली, तुरटीच्या गुळण्या झाल्या, शेजारी विड्या वळणाऱ्या नरसम्मानं दिलेली मिश्री लावून झाली. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा गिळवेना, तेव्हा मी त्यांना रिक्षात घालून आणलं. घरी ज्वारीचं पीठ परातीत तसंच चाळून पडलेलं. आमचा कडक भाकरीचा धंदा. धंदा कसला, दोन चुली आणि दोन बायका. मी थापायची, त्या शेकायच्या, आणि चांगली वाळली की नाही ते बघायला प्रत्येक थप्पीतली एक भाकरी काठाला चावून बघायच्या. कडक्कन वाजली की डब्यात, नाही वाजली की परत चुलीपुढं. त्यांचा दात दुखतोय म्हणजे नुसता दात दुखत नव्हता, सगळं घरच अडून बसलं होतं.

डॉक्टर कडलासकर हसतमुख माणूस. त्यांचा दवाखाना नवा, काचेचा, माशांची पेटी ठेवलेला. आम्ही निघालो तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन-अडीच हजारात होऊन जाईल हो. आणि जुनं सोनं आहे ना, ते आम्ही घेतो. खालीच आमच्या ओळखीचे सोनार आहेत. वजन करायचं, बिलातून वजा करायचं. तुमच्या मालकांना सांगा."

आता त्या सोन्याच्या दाताचं सांगते. आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान होता तो त्या दाताला. वरच्या रांगेत, सुळ्याच्या शेजारी. आत्या हसल्या की चमकायचा, म्हणजे फार वेळा चमकायचा नाही. पण त्याची गोष्ट आमचे हे ज्याला त्याला सांगायचे. हे चादरींच्या दुकानात काउंटरवर होते, बोलायची सवयच. "आमचे अण्णा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. मी दोन वर्षांचा असेन. आई नळावर घसरली, घागरीवर तोंड आपटलं, दात मोडला. अण्णांनी काय करावं? दिवाळीचा बोनस जपून ठेवला आणि गड्ड्याच्या जत्रेत दातवाल्याकडून सोन्याची टोपी बसवून घेतली. सांगा, मिलमधल्या एका तरी माणसानं बायकोला सोन्याचा दात दिलाय?" लग्नात, बारशात, चादर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर, कुठंही. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनाही ही गोष्ट ऐकवली होती. वडील म्हणाले, बापाचं बघून शिकलेला मुलगा दिसतोय, पोरगी देऊन टाकू.

संध्याकाळी हे दुकानातून आले आणि मी डॉक्टरांचा निरोप सांगितला. ह्यांचा चेहरा उजळला.

"मग झालंच की काम. सोन्याचा भाव कुठं गेलाय बघितलास का? पाव तोळा तरी असेल ते. वर आपल्यालाच पैसे मिळतील."

"दिगू," आत्या भिंतीला टेकून म्हणाल्या, "मरताना तोंडात सोनं घालावं लागतं. माझं माझ्या तोंडात हाय. ते ऱ्हाऊ दे."

"आई, मरताना काय घालायचं ते मी बघतो. तू आधी जेव तरी."

"ते अण्णांनी दिलेलं हाय."

"तेच म्हणतो मी. अण्णांनी दिलेलं आज तुझ्या कामाला येतंय. त्यांना आनंदच होईल."

आत्यांनी गालाला पदर दाबून धरला. मला मात्र राग आला, खोटं कशाला बोलू. घरात एकेक रुपयाला मी चारदा हात लावते आणि आत्यांना मेल्यावर तोंडात घालायला पाव तोळा हवा. पण सुजलेल्या गालाकडं बघून काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरीपाशी बसल्या होत्या आणि फळीवरच्या डब्यातून चिंचेचं बुटुक काढून तोंडात टाकत होत्या. तो त्यांचा रोजचा नेम. उठलं की आधी चिंच चोखायची, मग चूळ, मग चहा.

"आत्या, सुजलेल्या दातावर आंबट कशाला?" मी खेकसले.

हे दाढी करत होते. हसून म्हणाले, "तू तिची चिंच सोडवणार होय? अगं मी शाळेतसुद्धा जात नव्हतो तेव्हापासूनची सवय आहे ती. मी शेजारी बसून हात पसरायचो, मलाही एक बुटुक द्यायची." आणि त्या आठवणीनं ह्यांनी आरशात बघतच जीभ टाळूला लावून टक्क केलं.

दोन दिवस गोळ्यांनी निभावलं. तिसऱ्या दिवशी आत्याच म्हणाल्या, "चल बाई. पण टोपी न्हाई काढायची. नुसतं औषध भरू दे."

तिथून आमच्या खेपा सुरू झाल्या. डॉक्टरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आता तोंड उघडलंच आहे तर हेही करून टाकू." पहिल्या खेपेला दाताचा फोटो काढला. एक नव्हे, दोन. पहिला नीट आला नाही त्याचेही पैसे. पुढच्या खेपेला हिरड्या साफ केल्या. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, शेजारचा दातही किडलाय, आधी तो भरू. आत्या म्हणाल्या तो दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, "दुखेल ना पुढं." आणि त्या दिवसापासून तो खरोखरच दुखायला लागला. आधी एक दुखत होता, आता दोन. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्याच दिवशी भुलीची सुई नीट लागली नव्हती. मी दारातून बघत होते. यंत्र सुरू झालं तसा आत्यांनी हात वर केला. डॉक्टर म्हणाले, "झालंच, आजी, झालंच," आणि यंत्र चालूच. आत्यांच्या डोळ्यांतलं पाणी आडव्या पडल्यामुळं कानात चाललेलं. त्यांचा वर केलेला हात तसाच हवेत होता. तो धरला तो डॉक्टरांकडं काम करणाऱ्या इंदुबाईंनी. पन्नाशीच्या, कपाळ मोकळं, पांढरा कोट अंगाला मोठा झालेला. त्यांनी हात धरला आणि कानाशी वाकून पाणी टिपलं. "मावशी, माझा हात आवळा," म्हणाल्या, "मोडला तरी चालंल."

बाहेर पैसे घ्यायला बसलेली पोरगी दर खेपेला नवा आकडा सांगायची, तोही चार माणसांत, मोठ्यानं. अडीच हजारांचे सहा झाले, सहाचे अकरा झाले. टोपी काढून दोन्ही दातांवर नवं काहीतरी बसवायचं डॉक्टरांनी ठरवलं तेव्हा आकडा अठरा हजारांवर गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझी भिशी गेली, दिवाळीला घ्यायची शिलाई मशीन गेली. मी रिक्षात बसून भाकऱ्यांचा हिशेब करायचे आणि आत्या शेजारी गाल धरून बसायच्या. दोघी थकून गेलो होतो. आमचे हे मात्र दरवेळी एकच म्हणायचे, "सोनं आहे की. काढायचं तेव्हा निघेलच."

आत्या टोपी काढू देत नव्हत्या आणि टोपी निघाल्याशिवाय दात बरा होत नव्हता. डॉक्टर चिडले, हे चिडले, मी तर चिडलेलीच होते. शेवटी पुन्हा सूज आली, अंगात ताप भरला आणि आत्यांनी हात टेकले.

रिक्षात त्या माझ्या कानाशी आल्या. "शैला, टोपी निघाली की माझ्या हातात दे. कुणाला दावू नको."

"तुमच्या हातातच देते," मी म्हणाले. मनात म्हटलं, एवढा ताप आहे आणि जीव सोन्यात अडकलाय.

पण टोपी माझ्या हातात आलीच नाही. डॉक्टरांनी ती कापून काढली, खालचा दातही उपटला, कारण तो वाचण्यासारखा राहिलाच नव्हता. इतक्या दिवसांच्या खेपा, आणि शेवटी उपटलाच. मी आत्यांना धरून बाहेर बाकावर आणून बसवलं, तोंडात रक्ताचा कापूस. तेवढ्यात डॉक्टरांनी टोपी इंदुबाईंच्या हातात देऊन त्यांना खाली सोनाराकडं पाठवलंसुद्धा. हे दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आले होते, हिशेब मिटवायला. पोरीनं कागद पुढं सरकवला, हे म्हणाले, "थांबा, सोन्याचं वजा करायचंय."

इंदुबाई जिना चढून वर आल्या. हळू आवाजात डॉक्टरांना म्हणाल्या, "साहेब, सोनार म्हणतो पितळ हाय."

ह्यांनी ऐकलं. "काय आहे?"

डॉक्टरांनी टोपी दिव्याखाली धरली, कापलेल्या काठावर नख ओढलं. "पितळच आहे हो. सोनं नाही."

"डॉक्टर, ती माझ्या वडलांनी बसवलेली सोन्याची टोपी आहे. चाळीस वर्षं माझ्या आईच्या तोंडात होती."

"असेल. पण ही पितळेची आहे."

"म्हणजे बदलली."

बाकांवरची माणसं आमच्याकडं बघायला लागली. ह्यांचा आवाज चढत गेला. अडीच हजार सांगून अठरा हजार केलेत, चांगला दात बिघडवलात, ते सगळं सोसलं, आता सोनंही गिळलंत. आता पोलिसांतच जातो. बघणाऱ्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, माझ्याकडूनही असेच उकळले. एक बाई लेकराला घेऊन उठली. आणि खरं सांगायचं तर माझीही खात्रीच पटली होती. एवढं लुबाडणारा माणूस टोपी बदलायला मागंपुढं बघेल का?

डॉक्टरांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यांनी उठून जाणाऱ्या बाईकडं बघितलं आणि मग इंदुबाईंकडं.

"टोपी मी हिच्या हातात दिली होती. इंदुबाई, खाली जाताना कुठं थांबलात?"

"कुठं न्हाई, साहेब."

"पदर झटका. कमरेची पिशवी दाखवा सगळ्यांना."

"साहेब, इतकी वर्षं झाली तुमच्याकडं."

"म्हणून तर म्हणतो, दाखवा. काही नसेल तर भ्यायचं कशाला?"

इंदुबाईंनी कोटाची बटणं काढली. आतल्या लुगड्याचा पदर झटकला, त्यातून काही पडलं नाही. मग कमरेची चंची सोडायला गेल्या, पण गाठ सुटेना. हे कमरेवर हात ठेवून उभे. सगळा दवाखाना त्या गाठीकडं बघत होता.

माझ्या शेजारी आत्यांनी तोंडात बोटं घालून कापूस काढला.

"तिला सोडा," त्या म्हणाल्या. तोंडात रक्त, त्यामुळं शब्द नीट निघत नव्हता. त्या पुन्हा म्हणाल्या, "तिला सोडा. टोपी पितळेचीच हाय."

"आई, तू गप्प बस. तुला ताप आहे."

"पितळेचीच हाय, दिगू. सोन्याची मी विकली. मिल बंद पडली त्या साली. तुझी दहावीची फी होती, घरात दाणा नव्हता. विकली अन् वरनं ही बसवून घेतली. कुणाला कळू नये म्हणून."

ह्यांचे कमरेवरचे हात खाली आले. "अण्णांना माहीत होतं?"

"न्हाई."

"म्हणजे अण्णा मरेपर्यंत समजत होते की तू त्यांचं…"

"हां."

ह्यांनी पोरीच्या हातातलं पेन घेतलं. बिलाच्या कागदावर सही केली, थोडे पैसे भरले, बाकीचे महिन्याच्या महिन्याला देतो म्हणाले आणि आमची वाट न बघता जिना उतरून गेले. डॉक्टर इंदुबाईंना म्हणाले, "चला, पुढचा पेशंट घ्या." इंदुबाईंनी कोटाची बटणं लावली. जाता जाता त्यांनी नवा कापूस आणून आत्यांच्या हातात दिला आणि त्या हातावर आपला हात क्षणभर ठेवला. टोपी काउंटरवर पडली होती. कुणालाच नको होती. मी ती उचलून कनवटीला लावली.

घरी ह्यांचं वागणं फार वाईट झालं. भांडले असते तर बरं, पण भांडले नाहीत. आईकडं न बघता जेवले आणि भिंतीकडं तोंड करून निजले. मला एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरलो आणि ती ऐकत बसायची." मला ह्यांची दया आली आणि आत्यांचीही. कुणाची बाजू घ्यावी कळेना.

सकाळी मी मोरीपाशी भांडी घासत होते. आत्या उठून आल्या. सवयीनं हात फळीवरच्या डब्याकडं गेला, झाकण उघडलं, आणि हात तिथंच थांबला. त्यांनी झाकण लावलं आणि नुसतीच चूळ भरली.

माझ्या हातात तेव्हा देवघरातली समई होती. पितळेची. आणि ती मी कशानं घासत होते? त्याच डब्यातल्या चिंचेनं. सण आला की घरातलं सगळं पितळ मी चिंचेनंच घासते, दोन बोटं फिरवली की सोन्यासारखं लखलखतं. सोन्याला चिंच लागत नाही. मी समई तशीच खाली ठेवली.

दुपारी आम्ही चुलीपुढं बसलो. मी थापत होते, त्या शेकत होत्या. गालाची सूज उतरली होती.

"आत्या," मी म्हणाले, "मिल बंद पडली तेव्हा हे दहावीला होते ना?"

"हां."

"आणि चिंच तर तुम्ही हे शाळेत जायच्या आधीपासून चोखताय."

त्यांनी भाकरी उलटली. कडेकडेनं फडक्यानं दाबली.

"पितळ घासून घासून शहाणी झालीस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे सोन्याची कधी नव्हतीच?"

"दातवाल्याच्या पेटीत दोन डब्या होत्या, एक सोन्याच्या टोप्यांची, एक पितळेच्या. दिगूचे अण्णा माझ्यासमोर मोठ्यानं म्हणाले, सोन्याची बसव. मग मला म्हणाले, डोळे मीट, दुखंल. मी मिटले, पण पुरते न्हाई मिटले. त्यांनी दुसऱ्या डबीवर बोट ठेवलं." त्यांनी चुलीत काटकी सारली. "अन् नसतं बघितलं तरी जिभेला कळतंय की. सकाळी उठलं की तोंड कळकायचं, पितळेत ठेवलेल्या ताकागत. काळी पडायला लागली की लोकांना कळंल, म्हणून चिंच."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? दात त्यांनीच पाडला होता."

माझे हात थापता थापता थांबले. त्या चुलीकडंच बघत होत्या, तेच रोजचं तोंड, भाकरी करपू नये एवढीच काळजी असल्यासारखं.

"नळावर घसरला होता ना तुम्ही?"

"आमच्या चाळीला नळ कुठं होता त्या वेळी? हापसा होता. घसरायला नळ तर पाहिजे. भाकरीसंगं केलेलं कोरड्यास खारट झालं होतं. पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात होता, तोच मारला. दिगू मांडीवर होता माझ्या."

मी परत थापायला लागले. मग मी विचारलं, "पुन्हा मारलं का कधी?"

"मारलं की. पण तोंडावर न्हाई. टोपी बसवली होती ना. लोकं विचारायची, मालकांनी सोन्याचा दात दिला म्हणं. मग तोंडाला जपायचे."

मला रडू आलं, तशी त्या रागावल्या. "भाकरी बघ. जाड व्हायला लागली."

"तुम्ही काल सगळं स्वतःवर का घेतलंत? हे तुमच्याशी बोलत नाहीत. त्यांना खरं सांगा ना."

"आईवर रुसलेला पोरगा जातोय कुठं? भूक लागली की येतो. बोलंल चार दिवसांनी." त्यांनी भाकरी चुलीच्या कडेला उभी केली. "बाप गेलाय. त्याला बाप हाय तो त्या गोष्टीतच हाय. ती बी काढून घेऊ व्हय?"

मी कनवटीची टोपी काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बघितली आणि चुलीतल्या राखेकडं मान केली. मी ती राखेत टाकली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सांगणार न्हाईस ना?"

"नाही," मी म्हणाले.

ती फट पुढं तशीच राहिली. डॉक्टरांचे पैसे आम्ही हप्त्यांनी फेडले, पण आत्या पुन्हा त्या जिन्याची पायरी चढल्या नाहीत. थप्पीतली भाकरी चावून बघायचं काम माझ्याकडं आलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या आणि आवाजावरून सांगायच्या, वाजली, नाही वाजली. हे चार दिवसांनी बोलायला लागले, आत्यांनी म्हटल्याप्रमाणं. पण कामापुरतं. चहा घे, गोळी घेतलीस का, एवढंच. दाताची गोष्ट त्यांनी सांगायची सोडून दिली, आणि ती सांगत नसलेला माणूस मला अर्धा मेल्यासारखा वाटायचा. कितीदा तोंडावर आलं की सांगून टाकावं. मग आत्या चुलीपुढून नुसती मान वर करून बघायच्या आणि मी गिळायचे. सुनेला गिळायची सवय असतेच म्हणा, पण दुसऱ्याचं गिळणं फार जड जातं.

काही वर्षांनी आत्या गेल्या. थंडीचे दिवस होते, दुखणं असं मोठं काही नाही, दिवा कमी कमी होत जावा तशा गेल्या. शेजारपाजारच्या बायका जमल्या, नरसम्मानं तुळशीचं पान आणलं. गंगाजल झालं. कुणीतरी म्हणालं, सोनं घाला तोंडात, फुटका मणी असला तरी चालेल. मी गळ्यातल्या मंगळसूत्राकडं हात नेला, तर हे म्हणाले, "थांब."

सकाळपासून हे दिसले नव्हते, ते सोनाराकडं जाऊन आले होते. खिशातून कागदाची पुडी काढली. आत सोन्याचा एक पत्रा होता, नखाएवढा, दाताला बसेल असा वाकवून आणलेला.

"अण्णांनी दिलेलं तिनं विकलं ते माझ्याच फीसाठी," हे मला हळूच म्हणाले. "आणि मी तिच्याशी धड बोललो नाही इतकी वर्षं. आता अण्णांच्या नावानं एवढं जाऊ दे तिच्याबरोबर."

हे मला म्हणाले, तू तोंड उघड. मी आत्यांची हनुवटी धरून तोंड उघडलं. वरच्या रांगेत सुळ्याशेजारी ती फट होती. ह्यांनी तो पत्रा बरोबर तिथं ठेवला, बोटानं दाबला. आत्यांच्या तोंडात सोनं जात होतं ते पहिल्यांदाच.

"बघ," हे म्हणाले. डोळे भरून वाहत होते, पण किती तरी दिवसांनी चेहरा तो जुना, गोष्ट सांगतानाचा. "अण्णांचा दात परत बसला की नाही?"

मी आत्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"बसला," मी म्हणाले.